देवीचं उजवं

वेंकोजीरावांना सबंध आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून संताप आला. एक, खोटं दाखवणारा काटा. आणि दुसरी, त्या काट्याला कुंकू लावणारा माणूस.

मैसुराजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी मीटर तपासले. दाबाचे, उष्णतेचे, पाण्याच्या पातळीचे. यंत्राला काय होतंय हे सांगणारा काटा खरं बोलतोय की नाही ते बघायचं, एवढंच काम. पण ते असं केलं की साहेब लोकसुद्धा वचकून असत. एकदा बॉयलरचा काटा तांबड्या रेघेच्या वर गेला होता आणि दारात तपासणीवाले उभे. साहेब कानाशी येऊन म्हणाले, "वेंकोजी, जरा खाली आणा हो काटा." वेंकोजीराव म्हणाले, "बॉयलर खाली आणा. काटा आपोआप येईल." त्या दिवशी जे प्रमोशन अडकलं ते रिटायर होईपर्यंत अडकलेलंच राहिलं. घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, तेव्हा इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, "री, हात धुवा. जेवायला बसा." त्यांच्या घरात नवऱ्याला ‘अहो’ म्हणणं आजेसासूबरोबरच गेलं होतं, त्याच्या जागी कानडी ‘री’ येऊन बसलं होतं.

आणि दसरा आला की आयुधपूजा! सगळ्या मैसुराला त्या दिवशी काय व्हायचं कोण जाणे. बस धुवायची, लेथला हार घालायचा, पान्यांपुढं भोपळा फोडायचा. इथवर ठीक. पण हे लोक वेंकोजीरावांच्या मीटरच्या काचांवर हळदीकुंकवाची बोटं ओढायचे, तीही नेमकी आकड्यांवर. पुढचे दोन दिवस काचा पुसण्यात जायचे. "अरे, हे माणसानं केलंय रे! माणसाच्या डोक्यानं! त्याला नमस्कार कसले घालता, नीट वाचायला शिका!" ते ओरडायचे. लोक हो म्हणायचे आणि पुढच्या वर्षी दुप्पट कुंकू लावायचे.

रिटायर झाल्यावर तरी सुटका व्हावी? छे! गल्लीच्या टोकाला देवीचं लहानसं देऊळ. राजाच्या घोडदळात चाकरीला आलेल्या पूर्वजांनी देवी बरोबर आणली, असं घरोघरी सांगायचे. आरतीला नगारा वाजवायला माणूस मिळेना, तेव्हा मंडळींनी विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र आणलं. ते बिघडलं की बोलवा वेंकोजीरावांना. आठ दिवसांत त्या यंत्रालाही हार चढला. "अहो गंगाधरराव, मोटार आहे ती, मोटार!" ते पुजाऱ्यांवर खेकसले. गंगाधरराव शांतपणे म्हणाले, "असू द्या की. वाजवते ना बिचारी."

वेंकोजीराव यंत्रापुरते आत जात. पूजेच्या वेळी मात्र बाहेर चपलांपाशी उभे राहायचे, लग्न झाल्यापासून. "माझं तिच्याशी भांडण नाही," म्हणायचे, "तिच्या माणसांशी आहे."

त्या वर्षी इंदिराबाईंना जिना चढताना धाप लागायला लागली. मग बसल्या जागी लागायला लागली. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल. उशीर करून चालणार नाही. गुरुवार दिला आणि बुधवारी सकाळपर्यंत सही करून फॉर्म आणा म्हणाले; नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी.

वेंकोजीरावांचा चेहराच उजळला. झडप! आयुष्यभर झडपांशीच तर संसार केला होता. त्यांनी इंदिराबाईंना कागदावर चित्र काढून दाखवलं, रक्त कुठून येतं, कुठं अडतं. बेंगळूरहून मुलगी अंबुजानं रिपोर्ट कुठल्याशा कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला घातले आणि फोनवर कळवलं की आपरेशन यशस्वी व्हायची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. "बघ!" वेंकोजीराव म्हणाले. "एके काळी ब्रह्मदेव करायचा ते काम आता मनुष्य करतोय. छाती उघडतोय, नवा पार्ट बसवतोय, वर किती टक्के ते आधी सांगतोय! तुझ्या देवीनं कधी टक्के सांगितले?"

इंदिराबाई भाजी निवडत होत्या. "आणि उरलेले सहा कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"कुणाचे म्हणजे? सहा म्हणजे... अगं, कुठल्याही यंत्रात तेवढं धरावंच लागतं!"

"मग मी देवीचा कौल घेते. मंगळवारी. उजवं पडलं तर सही करीन."

वेंकोजीराव कपाळाला हात लावून बसले. कौल! पाण्यात भिजवलेल्या मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, दोन कळ्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मनात प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं, कुठली आधी गळते. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. झालं! शिकलेले डॉक्टर, एवढाल्या मशिनी, बेंगळूरचा कॉम्प्युटर, सगळे एका बाजूला आणि वाळणारी कळी एका बाजूला! त्यांनी समजावलं, चिडले, जेवणावरून उठले. अंबुजाला फोन लावून दिला. इंदिराबाईंनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साकु ग, मंगळवार होऊ दे." साकु म्हणजे पुरे. ते त्यांच्या तोंडून आलं की पुढं ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे.

सोमवारी वेंकोजीरावांच्या डोक्यात ते आलं. कळी पाण्यानं चिकटते. पाणी वाळलं की गळते. म्हणजे जी आधी वाळेल ती आधी पडणार. यात देवी कुठं आली? ही तर साधी उष्णता! त्यांनी स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या घड्याला दोन कळ्या चिकटवल्या आणि एका बाजूनं हॅलोजनचा दिवा लावला. दिव्याकडची अकरा मिनिटांत पडली. दुसरी अर्धा तास हलली नाही. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. इंदिराबाई पाणी प्यायला आल्या, घड्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "हे काय, री?"

"सुम्ने," ते म्हणाले. उगीच आपलं.

आणि मग ते ओट्यापाशी तसेच उभे राहिले. छत्तीस वर्षांत त्यांनी एक काटा इकडचा तिकडं केला नव्हता. साहेबासाठी नाही, पगारासाठी नाही. आणि आता? स्वतःचीच लाज वाटली, स्वतःचाच राग आला. पण गुरुवार डोळ्यासमोरून जाईना.

मंगळवारी दुपारी देऊळ रिकामं असताना ते नगाऱ्याचं यंत्र बघायच्या निमित्तानं गेले. गाभाऱ्यात पूर्वी त्यांनीच बसवलेले दोन दिवे होते. त्यातला डावीकडचा काढला, उजवीकडं हॅलोजन लावला आणि त्याचं तोंड थेट उजव्या खांद्यावर वळवलं. गंगाधररावांनी विचारलं तर म्हणाले, "देवीचं तोंड नीट दिसत नाही लोकांना."

संध्याकाळी पूजा झाली. कळ्या लावल्या. वेंकोजीराव लग्नानंतर पहिल्यांदा पूजेच्या वेळी उंबऱ्याच्या आत उभे होते, हे बघून दोन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. इंदिराबाई समोर हात जोडून बसल्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि श्वास घेताना गळ्याची शीर उडत होती. ती शीर बघवेना म्हणून वेंकोजीराव घड्याळ बघत राहिले. सहा मिनिटं. आठ. दहा. नगारा घुमत होता, घंटा आदळत होत्या, सगळं त्यांनीच तेलपाणी घातलेलं.

बाराव्या मिनिटाला कळी पडली.

"पडली!" वेंकोजीराव जवळजवळ ओरडले. "उजवी पडली! बघ इंदिरा, उजवी!"

गंगाधररावांनी यंत्राचं बटण बंद केलं. इंदिराबाईंनी डोळे उघडून खाली पडलेली कळी बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"राव," गंगाधरराव हळू म्हणाले, "डावी पडली."

"काय डावी? डोळे आहेत की नाही तुम्हाला? ही बघा, उजवीकडे!"

"तुमच्या उजवीकडे. देवी तुमच्याकडे तोंड करून बसली आहे. तिचा तो डावा खांदा."

वेंकोजीरावांनी देवीकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे. मीटर वाचताना उजवं म्हणजे वाचणाऱ्याचं उजवं. आकडे तसेच वाढतात, काटा तसाच चढतो. छत्तीस वर्षांत एकाही मीटरनं त्यांना विचारलं नव्हतं, माझं उजवं कुठलं?

"चला घरी," इंदिराबाई उठत म्हणाल्या. "नाही म्हणाली ती."

"ती कुठं म्हणाली!" वेंकोजीराव मध्येच आडवे उभे राहिले. "मी म्हणालो. तो दिवा मी लावलाय. हॅलोजन. कळी वाळावी म्हणून. बाजू चुकलो ग, मूर्खासारखा!"

म्हाताऱ्या बायकांपैकी एक "शिव शिव" म्हणाली. वेंकोजीरावांना वाटलं आता गंगाधरराव अंगावर येणार, आणि यावेतच. पण गंगाधरराव दिव्याकडे बघत होते. मग म्हणाले, "राव, तिला फसवायचं होतं, तर एकदा तिच्या बाजूला उभं राहून बघायचं तरी."

इंदिराबाई अजून नवऱ्याकडेच बघत होत्या. "म्हणजे काल माझ्या घड्याला कळ्या चिकटवल्या त्या... री, साहेबाचा काटा हलवला नाहीत तुम्ही. प्रमोशन सोडलंत. आणि हे का केलंत?"

"का म्हणजे? चौऱ्याण्णव टक्के असताना तू नाही म्हणालीस तर..." त्यांनी हात झटकले. "अगं, ते सहा टक्के! तू विचारलंस ना कुणाचे? माझे आहेत ते! आठ दिवस झोप नाही मला. तुला चित्र काढून दाखवतो आणि बाथरूममध्ये जाऊन उभा राहतो. डॉक्टर चुकला तर काय, यंत्र बंद पडलं तर काय! यंत्रं बंद पडतात इंदिरा, मला माहीत आहे, मी आयुष्यभर तेच बघितलंय!"

एवढं बोलून ते खांबाला धरून उभे राहिले.

इंदिराबाई पुन्हा खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मला वाटलं भीती एकटी मलाच वाटतेय. टक्के, टक्के, टक्के! डोकं उठवलंत माझं."

"कळी परत लावू का?" गंगाधररावांनी विचारलं. "दिवा काढून?"

इंदिराबाईंनी देवीकडे बघितलं. "नको. तिला आज पुरे झालं असेल. दिवा मात्र काढा, बिचारीच्या खांद्याला चटके बसत असतील." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "फॉर्म आणलाय का?"

फॉर्म खिशातच होता, शनिवारपासून. घामानं मऊ झालेला. त्यांनी तो नगाऱ्याच्या यंत्रावर पसरला, हार बाजूला सारून, आणि पेन उघडून दिलं.

"सही कुठं?"

"खाली. उजव्या कोपऱ्यात."

इंदिराबाईंनी पेन तसंच वर धरलं. "कुणाच्या उजव्या?"

वेंकोजीराव यंत्राला वळसा घालून बायकोच्या बाजूला आले, तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तिथून बोट ठेवून दाखवलं.