डॉक्टरबाईंच्या जीपचा टर्बो

जीप सुरू केली की डॉक्टरबाई लगेच निघत नसत. स्टीअरिंगवर हात ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, ‘‘थांबा भाऊ, इंजिन ऐकू द्या.’’ शेजारी बसलेल्याने तोवर हूं की चूं करायचं नाही.

कळंबला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कचेरीत कारकून. बाई गावातल्या जुन्या डॉक्टर, एकट्या राहणाऱ्या. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीवर औषधामागून औषध फवारलं जाई आणि फवारणाऱ्यांनाच विषबाधा होई. त्यांना यवतमाळला न्यायचं तर वाटेत चढ. बाईंची जुनी डिझेल जीप माणसं भरली की तिथे अक्षरशः रांगायची. एक पेशंट त्या चढावरच गेला. त्यानंतर एका रविवारी बाई मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, नवी गाडी घेणं होत नाही. हिलेच टर्बो लावू.’’

टर्बो म्हणजे इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हे त्यांनी मला चहाच्या बशीवर फुंकर मारून समजावलं. मला फक्त चहा निवल्याचं कळलं.

यवतमाळच्या भंगारात एका चेपलेल्या मिनीट्रकचा टर्बो मिळाला. बाईंनी त्याची पाती बोटाने फिरवून पाहिली, मगच उचलला. सलीम मिस्त्रींनी जाड लोखंडी पट्टी कापून तो जीपला बसवला. पहिल्याच फेरीत असा निळा धूर निघाला की गल्लीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे काढून घेतले. भंगार ते भंगारच, फेकून द्या, असं मिस्त्रींचं मत पडलं.

बाई सतरंजी टाकून जीपखाली शिरल्या. टर्बोतलं तेल खाली परत नेणारी नळी मध्येच वर उचलली गेली होती. तेल तुंबून धुराबरोबर जळत होतं. ‘‘नळीले उतारच नाही, तं तेल जाईन कुठं?’’ त्या खालून म्हणाल्या. मिस्त्रींनी जाड, सरळ नळी लावली आणि धूर थांबला. मग सरकीची पोती भरून आम्ही तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. वर पोचल्यावर बाईंनी गाडी थांबवली आणि त्या बराच वेळ मागच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या.

पुढच्या हंगामात बाभुळगावकडची एक मजूर बाई फवारणीच्या शेतातून उचलून आणली. तोंडाला फेस. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, दवाखान्यातल्या सिस्टरला मागे तिच्याजवळ बसवलं, मला पुढे. चढावर आम्ही चक्क एका ट्रकला मागे टाकलं. इस्पितळाच्या दारात उतरता उतरता बाईंनी मला बजावलं की इंजिन लगेच बंद करू नका, टर्बो निवू द्या. आणि त्या स्ट्रेचरमागे धावल्या.

मला गाडी चालवता येत नव्हती. पहारेकरी गाडी हटवा म्हणून डोक्यावर उभा, आणि मी चावीला हात लावायला घाबरत बसलेला. बाई परत आल्या तेव्हा जीप तशीच धडधडत होती. त्या हसल्या. मग हलकेच म्हणाल्या, ‘‘वाचते ती आता.’’

मारेगावकडे डॉक्टर टिकत नाही हे कळल्यावर बाई उतारवयात तिकडे गेल्या. सिस्टरही गेली. या वयात कायले, असं मी विचारलं. इथे आता दुसरे डॉक्टर आले आहेत, तिथे कोणी नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी मारेगावचा एक माणूस कचेरीत आला. त्याला मी बाईंची खुशाली विचारली. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या होत्या. मी कागद बाजूला सारले. मग जीपचं विचारलं.

‘‘ते तं रोज दिसते,’’ तो म्हणाला. ‘‘सिस्टर चालवते. बाईनंच शिकवलं तिले.’’