माझं खोटं ‘होय म्हाराजा’

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वहिनीला कणकवलीला नेताना आमची गाडी चढावर बंद पडली ती देवाच्या इच्छेने नव्हे, माझ्यामुळे. आणि ती बंद पडू शकते, हे मला निघण्याआधीच ठाऊक होतं.

आमचं घर मिठबावला, समुद्राला लागून. ऊन तापायला लागलं की विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्यात डाळही धड शिजत नाही. तेच पाणी मी गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतत आलो. बारीक गळती होती. पातळी उतरली की विहिरीवरून कळशी आणायची आणि भरायची. कूलंट आणू, आणू म्हणत राहूनच गेलं. शेवटी मेकॅनिकने पाइप काढून आतला तांबूस गाळ मला बोटावर दाखवला. म्हणाला, “खाऱ्या पाण्यान आतसून खाल्ल्यान. रेडिएटर बदला, पंपय बदला. तोवर गाडी लांब नेव नको.” मी म्हटलं, आंबो संपांदे, मगे बघूया.

आंबा संपायच्या आतच एका सकाळी वहिनी ओट्यापाशी कलंडली. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. आई गेल्यावर मला जेवू घालून वाढवणारा तो हात. दादाने तिला उचललं. शेजारचा बाबल आपल्या गाडीची चावी घेऊन धावत आला. “माझी घेवा रे. तुझी गरम होता.” त्याच्या नव्या गाडीचं कौतुक वाडीत फार झालं होतं, ते मला सलत होतं. मी म्हटलं, “गाडी नाय, तूच गरम होतंस.” दोघं-तिघं हसले. तशा वेळीही हसले, आणि मला ते आवडलं.

शिरगाव मागे पडेपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध होता. वहिनीला घाम फुटलेला म्हणून एसी चालू ठेवला होता. नांदगावच्या अलीकडे चढ लागला आणि काटा लाल रेघेकडे सरकला. तेव्हाच बाजूला घेऊन बाबलला फोन करता आला असता. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि मनातल्या मनात कुणकेश्वराला हाका मारायला लागलो. देवा, एवढा चढ काढून दे. “कसलो रे वास?” दादाने मागून विचारलं. “खंय काय,” मी म्हटलं. पुढच्याच वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन आचके देत थांबलं.

मागून मासळीचा टेंपो आला. मी हात करण्याआधीच तो थांबला. ड्रायव्हरशेजारून मासे विकणारी एक वयस्कर बाई वाकून बघत होती. “बाई आजारी आसा? मगे बघतंस काय मेल्या, उचल तिका!” वहिनी आणि तिला धरून बसणारा दादा, एवढीच पुढे जागा होणार होती. म्हणून म्हातारी स्वतः खाली उतरली. “मावशी, तुमचा म्हावरा?” मी विचारलं. “कुसला तर कुसांदे. माणूस आधी.” बाजार सोडून टेंपो सरळ इस्पितळाकडे गेला.

आम्ही दोघं काजूच्या सावलीत बसलो. गाडीखाली तांबडं पाणी ठिबकत होतं. तिने विचारलं, “निघताना पाणी बघललंस मा रे?” मी म्हटलं, “होय.” ती त्या ओघळाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने आलेल्या एका रिक्षात बसून ती गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

वहिनी वाचली. हात मात्र गेला. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दादाने मान खाली घातली. मी म्हटलं, “गाडीन दगो दिल्यान.”

वहिनी चालायला लागल्यावर ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगणं, घातलं. देवळाचा मानकरी गावकार हात जोडून म्हणाला, “बा देवा म्हाराजा, लेकराची गाडी आडरानात अडली, थंय तूच माणूस धाडलंस. जा काय झाला ता तुझ्या मनासारख्या झाला. असोच पाठीशी रव रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “होय म्हाराजा!” डाव्या हातात नारळ धरलेली वहिनीही जड जिभेने म्हणाली. मीही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. बाबल माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या विषयावर आजतागायत शब्द काढलेला नाही.

त्या म्हातारीला देवानेच पाठवलं, असं मी आजही मानतो. ती आली नसती तर वहिनी त्याच चढावर गेली असती. रोज दिवा लावताना मी त्या बाईला हात जोडतो. पण कृपा देवाची म्हणताना मी माझा अपराधही त्याच्याच गळ्यात घातला, आणि अख्ख्या गावाला होकार द्यायला लावला. वाडीत मला भाविक म्हणतात, पहिला प्रसाद माझ्या हातावर ठेवतात. देवाला शरण जायचं तर माझं काम माझ्याच नावाने त्याच्यापुढे ठेवायला हवं होतं. एवढं मला कळायला वहिनीचा हात जावा लागला.

मेकॅनिकने मला बजावलं होतं, हे वहिनीला अजून माहीत नाही. ते तिच्यासमोर बसून सांगणं, हे माझ्यावरचं तिचं देणं आहे.