साडूंचा समुद्र

समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसांत समुद्रासाठी सर्वांत जास्त खस्ता कुणी खाल्ल्या असतील, तर त्या आमच्या साडूंनी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. त्यांचा प्रवास म्हणजे कोल्हापूर किंवा आमच्याकडे बेळगाव, आणि तोही अंधार पडायच्या आत परत. अशा माणसाला पन्नाशीत खाऱ्या पाण्यातले मासे पाळावेसे का वाटले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "गोड्या पाण्यातलं काय, कुणीबी पाळतंय."

टाकीत भरायला मीठ मिळतं, ते पाण्यात कालवायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते सरळ गोव्याला गेले आणि मोठमोठे कॅन भरून घेऊन आले. बसमध्ये कंडक्टरनं कॅनमध्ये काय आहे म्हणून विचारलं, तर साडू म्हणाले, "समुद्र." कंडक्टरनं निमूटपणे लगेजचं तिकीट फाडलं. पुढं तंबाखू माशांना विषासारखी असते असं त्यांच्या वाचनात आलं. निपाणीत हे वाचनात येणं म्हणजे कठीणच, कारण गावाच्या हवेलाच तंबाखूचा वास. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उंबऱ्यावर साबण आणि तांब्या मिळू लागला. स्वतः साडू वखारीतून आले की आंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच टाकीजवळ जात. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, एकदा शांतपणे म्हणाल्या, "पोरगी झाली तवा नुसतं हात धुवून घेतलं हुतं." घर जैन, सूर्यास्तानंतर अन्न नाही. तेव्हा माशांचंही रात्रीचं जेवण सुटलं. माशांच्या खाण्याच्या डबीवर कशाकशाची भुकटी घातली आहे ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा असूनही साडूंना तेवढी अक्षरं दिसत नसत.

मासे दोन. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. टाकी ठेवली होती हॉलच्या भिंतीतल्या कोनाड्यात, आणि ती तिथं अशी चपखल बसली होती की बाजूनं पोस्टकार्ड सरकलं नसतं. याचा साडूंना फार अभिमान होता, तो पाणी गढूळ होईपर्यंत टिकला. मग कळलं की अशा टाकीला स्किमर लागतो. हे यंत्र काय करतं, ते त्यांनी मला आमच्या भाषेत समजावून सांगितलं. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावर मळी येते, ती काढून टाकतात. तसं हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसाबरोबर वर येते आणि वाटीत साठते. काम सोपं, अडचण जागेची. टाकीच्या पाठीमागं टांगायचा स्किमर, तर मागं भिंत. टाकीतच ठेवायचा, तर माशांना उभं राहायला जागा नाही. राहिला तिसरा, टाकीखाली बसवायचा. पण कोनाड्याच्या खाली आक्कांचं कपाट होतं. त्यात वर्षाचं लोणचं, सांडगे आणि पापड असत. ते कपाट मागायची साडूंची छाती नव्हती. त्यापेक्षा मुळीच जागा न लागणारं यंत्र शोधणं त्यांना सोपं वाटलं.

म्हणून ते बेळगावला येऊ लागले. काखेत पुठ्ठ्याचा एक अरुंद खोका असे, घरात जेवढी जागा उरली आहे तेवढ्या मापाचा. खडेबाजाराच्या बाजूला पोपट आणि गोल्डफिश विकणारं एक दुकान होतं. तिथं मी त्यांना घेऊन गेलो. दुकानदारानं खोका उलटासुलटा करून पाहिला आणि कानडीत म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर." साडूंनी त्याला समजावलं, की गेली तीस वर्षं संसारात तेच 'थोडं जमवून घ्या' चाललंय, आता अ‍ॅडजस्ट करायला जागा उरलेली नाही. बेंगळुरूहून मागवून देतो, असं त्यानं सांगितलं, पण खोक्यात मावेल असं काही तिथंही नव्हतं. साडू खोका घेऊन परत निपाणीला गेले.

तेवढ्यात एक मासा मेला. साडू त्या दिवशी वखारीत गेले नाहीत, जेवलेही नाहीत. उरलेला मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊ लागला. आक्का दोन दिवस दोघांकडंही बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता कपाट रिकामं केलं, बरण्या पलंगाखाली सारल्या आणि म्हणाल्या, "बसवा तुमचं गुऱ्हाळ." आठवडाभरात यंत्र आलं, बसलं, आणि गुरगुरू लागलं. साडू येणाऱ्याजाणाऱ्याला वाटीतला काळा फेस दाखवू लागले. बरेच पाहुणे चहा नको म्हणायला लागले.

गेल्या वर्षी साडूंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन बेळगावात झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी आक्कांना पहिलं काय सांगितलं असेल, तर निपाणीला जा, मासा एकटा आहे. लेक जवळ होती, तरी आक्कांना ते लागलं. पण मिळेल त्या बसनं त्या गेल्या. पुढं जखमेत पू झाला, ताप चढला, आणि डॉक्टरही नीट बोलेनात. काही जुने रिपोर्ट हवे होते म्हणून मी भर दुपारी निपाणीला गेलो. दार उघडंच होतं. सकाळपासून वीज नव्हती, इन्व्हर्टरही केव्हाच दमला होता. यंत्र बंद. आक्का टाकीसमोर स्टुलावर उभ्या होत्या आणि तांब्यानं पाणी काढून, माशाला हवा मिळावी म्हणून, उंचावरून परत टाकीत सोडत होत्या. पदर भिजलेला, हात कोपरापर्यंत खारे. मी तांब्या घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी दिला नाही.

"ह्येला काय झालं तर, दाजी..." एवढंच त्या म्हणाल्या. मग तांब्या पुन्हा बुडवत, "त्यास्नी सांगू नका."

ताप उतरला. साडू वाळून अर्धे झाले होते, पण घरी आले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन आधी टाकीपाशी गेले. मासा काचेपर्यंत आला. साडू बराच वेळ वाकून बघत राहिले.

"एवढं दिवस मी न्हवतो, तरी पाणी बघा कसं हाय," ते म्हणाले. "यंत्र भारी निघालं, पावणं."

मी आक्कांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "व्हय, लई भारी," आणि त्यांच्यासाठी पेज ठेवायला आत गेल्या.