हेर पेत्रू आणि हेर दामोदर

सुमे, बॅलार्ड पिअरवर माझी ट्रंक बोटीवर चढत होती तेव्हा तात्यांनी तिच्यावर पांढऱ्या रंगानं रंगवलेलं नाव तू मोठ्यानं वाचलं होतंस: केळकर श्रीधर दामोदर. मास्तरांचा हात तो, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवरही तेच उतरलं होतं. "नाव सांभाळ," तात्या म्हणाले. मी मान डोलावली आणि जर्मनीत आखनला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी ते घालवून बसलो.

इथे आडनाव शेवटी येतं. नोंदणीच्या कचेरीतल्या बाईंनी शेवटचा शब्द आडनाव म्हणून लिहून घेतला, मीही जर्मन होकाराचं "या, या" करत सही ठोकली आणि हेर दामोदर, म्हणजे श्रीयुत दामोदर, झालो. तुझं आडनाव निदान वाजतगाजत बदललं, माझं एका खिडकीवर!

माझ्या पाकिटावरचं नाव पाहून तात्यांचं पत्र आलं. "घराणं समुद्रात बुडवलंस की काय? ताबडतोब दुरुस्त करून घे." पदवी जवळ आली होती. तिच्यावर एकदा छापलं की ते जन्माचं. मी मुकाट्यानं अर्ज आणला.

तो भरत बसलो होतो घरमालकांच्या स्वयंपाकघरात. हेर पेत्रू म्हणजे युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या बोहेमियातून, जर्मन म्हणून घालवून दिलेले म्हातारे चांभार. दामोदर हे माझ्या वडिलांचं, तात्यांचं, नाव, हे ऐकून ते खूश झाले.

"गेनाऊ! अगदी बरोबर! माझंही तसंच. आमच्या खेड्यात पोराला विचारायचे, कुणाचा तू? तो सांगायचा, पेत्रू. म्हणजे पेत्रच्या घरचा."

"तो पेत्र कोण?"

"कुणास ठाऊक! पणजोबांच्याही आधीचा. घर गेलं, शेत गेलं. आता लोक म्हणतात, जर्मन आडनाव घ्या. मग कुणी विचारलं, कुणाचा तू, तर काय सांगू?"

सुमे, वाईच्या घाटावर आपल्यालाही हेच विचारायचे. आपण "दामोदर मास्तरांचे" म्हणायचो, केळकर कधीच नाही. मी अर्ज तसाच ठेवला आणि तात्यांना सगळं लिहून कळवलं.

उत्तर आलं ते तीन ओळींचं. "म्हणजे तुझ्या पोरांनाही दामोदर म्हणणार तर. राहू दे. केळकर गावात पुष्कळ आहेत."

तात्यांनी आखन कधी पाहिलं नाही. ते गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली. इथे फोन उचलला की आधी आपलं आडनाव सांगायची रीत आहे. मी मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी पाच वर्षांची मीरा घंटी वाजली की सगळ्यांच्या आधी धावते, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरते आणि खणखणीत आवाजात सांगते, "दामोदर!"

मी हातातलं काम ठेवून ऐकतो. घर कुठे, असं हल्ली कुणी विचारलं तर मला हेच आठवतं.