पूल बंद होते त्या आठवड्यात

शेजाऱ्याची आणि माझी ओळख झाली ती मी मुलीवर ओरडत असताना. २०२०चा एप्रिल होता. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा सरकारी हुकूम होता, त्यामुळे डब्लिनच्या टोकाला ओंगारमधल्या त्या एकसारख्या विटांच्या घरांभोवती आम्ही मायलेकी रोज फेऱ्या मारायचो. नवरा दूर उत्तरेला लेटरकेनीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तो तिकडेच अडकलेला, आणि माझा सगळा राग काढायला एक दहा वर्षांची मुलगी तेवढी हाताशी. त्या दिवशी तिने न बघता स्कूटर रस्त्यावर घातली आणि मी भर रस्त्यात, अस्सल पुणेरी स्वरात तिचा उद्धार केला. इथे कुणाला काय कळतंय, या भरवशावर.

पलीकडच्या फुटपाथवरून एक उंच, काळासावळा माणूस शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, लहान आहे."

मी उडालेच. तो सुदानचा निघाला. कॉम्प्युटरच्या डिग्रीसाठी पाच वर्षं पुण्यात काढलेली, आता डब्लिनमध्ये नोकरी आणि आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटाच मुक्काम. मराठी मोडकी, मधे मधे हिंदी, पण "डोकं नको खाऊ" आणि "चल, कटकट नको" हे अगदी झोकात. पुण्यात घर मिळवायला किती पायपीट केली ते तो हसत हसत सांगायचा. "सतरा फ्लॅट बघितले, ताई. सगळे बोलायचे, आमची सोसायटी व्हेज आहे. मी बोललो, मी पण व्हेज खातो. तरी नाही."

मी पण हसले आणि विषय बदलला. त्याच सुमाराला पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझे बाबा होते. परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत, अशी नोटीस त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून जिन्याखाली लावली होती. मी ती रोज येता-जाता वाचायची आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. धीर झाला नाही, असं सरळच म्हणते.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. एक देश निवडायचा आणि त्याचा इतिहास, भूगोल आणि सरकार यांचा तक्ता करायचा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी स्पेन घेतला, कारण तिथे सुट्टीला जाऊन आलेली. हिने सुदान घेतला, कारण सुदान दोन घरं सोडून राहत होता. तो रविवारी आमच्या जेवायच्या टेबलाशी बसून तिला शिकवायचा. इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आमच्याकडे आहेत, हे त्याने तिच्याकडून सगळ्यात आधी लिहून घेतलं. मग इंग्रज आणि इजिप्त यांचं मिळून चाललेलं राज्य, मग छप्पन साली स्वातंत्र्य, मग दहा वर्षांपूर्वी दक्षिण तुटून वेगळा देश झाला तो.

भूगोल त्याने निळ्या आणि पांढऱ्या खडूने काढून दाखवला. निळी नाईल डोंगरातून येते, पांढरी दुरून संथ येते, आणि दोघी मिळतात तिथे एक नाही, तीन शहरं आहेत. मधे पूल. त्याची आई आणि बहीण पश्चिम काठावरच्या ओमदुरमानला राहायच्या. "तुमचा संगम कसा, मुळा-मुठाचा? तसंच. फक्त आमच्याकडे पाणी आहे," तो म्हणाला. मी चिडल्याचं नाटक केलं.

सरकारचा चौकोन सगळ्यात अवघड गेला. तीस वर्षं एकच माणूस गादीवर होता, लोकांनी रस्त्यावर येऊन त्याला उठवला, आणि आता अर्धे लष्कराचे आणि अर्धे साधे लोक मिळून देश चालवतात, पुढे निवडणूक होणार, असं त्याने सांगितलं. मुलगी म्हणाली, "सो इट्स लाइक शेअरिंग अ रूम?" तो म्हणाला, अगदी तसंच, आणि त्यातल्या एकाकडे बंदूक आहे.

त्याची आई डायलिसिसवर होती. सोमवार आणि गुरुवार, नदी ओलांडून खार्टूमला जायचं, चार तास मशीनवर, परत यायचं. हे तो भूगोलातच सांगून गेला, पूल काढता काढता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो आणि शाळांना आठवड्याची सुट्टी. सकाळी मी पोहे करत होते. तो दारात आला, पायात मोजे फक्त. सुदानमध्ये लष्कराने पहाटे पंतप्रधानांना उचललं होतं. इंटरनेट बंद, विमानतळ बंद, पूल बंद. फोन लागत नव्हता.

"आज सोमवार आहे, ताई," तो म्हणाला. मला कळायला क्षणभर लागला.

मी नवऱ्याला फोन केला. तो नेहमीच्या डॉक्टरी थंडपणे म्हणाला, एक वेळ चुकली तर बहुतेक निभावतं, खाण्यापिण्याचं सांभाळायचं, पाणी कमी, खजूर-केळी बंद. दुसरी चुकली तर मला विचारू नकोस. मी त्याला म्हटलं, असं कसं बोलतोस? तो म्हणाला, मग कसं बोलू? मी फोन ठेवला. म्हणजे आता सगळा खेळ गुरुवारपर्यंतचा होता. गुरुवारी पूल उघडला पाहिजे.

सोमवारी आणि मंगळवारी तो आमच्याच टेबलावर बसून नंबर फिरवत होता. बहिणीचा मोबाइल, शेजाऱ्यांचा, मामाचा. रिंगच जात नव्हती. मधे मधे बातम्या लावायचा. रस्त्यांवर टायर जळताना दिसायचे, पुलावर रणगाड्यासारख्या गाड्या आडव्या लावलेल्या. तो पडद्यावर बोट ठेवून सांगायचा, हा पूल आईचा. माझी मुलगी तक्ता घेऊन बाजूला उभी. "मम, हू इज द गव्हर्नमेंट नाउ? व्हॉट डू आय पुट?" मी तिच्या अंगावर धावून गेले, तुला तुझं पडलंय! तो म्हणाला, ओरडू नका, तिचा प्रश्न बरोबर आहे.

बुधवारी मला बाबा आठवले. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलेला. त्यांना पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, कुठल्या कुठल्या लोकांच्या भानगडीत पडतेस. ते म्हणाले, "नंबर सांग. सावकाश." तिकडून लागत नसेल तर इकडून लागेल, रूट वेगळा असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि घरच्या लँडलाइनवरून त्यांनी नंबर फिरवायला घेतला. दर दहा मिनिटांनी एकदा. घाईघाईने फिरवला तर लाइन मिळत नाही, हा त्यांचा जुना नियम. माझी आई मला दुसऱ्या फोनवर सांगायची, अगं जेवायला उठत नाहीयेत, काय म्हणावं या माणसाला.

 जिन्याखालची नोटीस त्यांनाही आठवत असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

गुरुवार उजाडला. पूल बंदच. विमानतळ उघडला म्हणे, पण तिकीट मिळत नव्हतं. दुपारी एकच्या सुमारास मी त्याला दटावून जेवायला बसवलं. सोमवारपासून तो चहा आणि बिस्किटांवर होता, डोळे खोल गेलेले. मी वरणभात केला होता, वर तूप, बाजूला बटाट्याची भाजी. "मला नको," तो म्हणाला. मी म्हटलं, आईसाठी जेव, तिला तू धडधाकट हवास ना? मुलीने त्याच्यासाठी प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मोठं ताट काढून दिलं. त्याने हाताने भात कालवला, पुण्यात शिकलेला तसा, आणि पहिला घास घेतला.

माझा मोबाइल वाजला. बाबा. मी मागच्या दारातून बागेत गेले.

"लागला!" बाबा ओरडले. "दुसऱ्या कानाला लँडलाइन आहे माझ्या. बहीण बोलतेय, इंग्रजी येतं तिला. आई घरीच आहे. आज पण नेता आलं नाही. गुंगीत आहे ग, मधेच बोलते, मधेच नाही. त्याला दे. दोन्ही फोन एकमेकांना लावून धरतो."

मी काचेतून आत बघितलं. तो खाली मान घालून जेवत होता. चार दिवसांत पहिल्यांदा.

आमच्याकडे माणसाला जेवत्या ताटावरून उठवत नाहीत. वसुलीला आलेला सावकारही अंगणात थांबायचा म्हणे. वाईट बातमी तर मुळीच नाही. ती सांगायची ती हात धुतल्यावर. हे मला कुणी शिकवलं नाही, ते माझ्या हाडीमाशी आहे. मला दिसत होतं, आई गुंगीत आहे हे ऐकलं की हा घास टाकून उठेल आणि पुन्हा अन्नाला शिवणार नाही. मी म्हटलं, "बाबा, आत्ता कुठे ताटावर बसलाय हो. पाच मिनिटं धरून ठेवता येईल?"

आणि बाबा, ज्यांनी चाळीस वर्षं लाइनी तुटताना पाहिल्या, ते म्हणाले, "जेवू दे, जेवू दे बिचाऱ्याला. मी धरतो."

पाच मिनिटं मी फोन छातीशी धरून बागेत उभी राहिले. पावसाने भिजलेल्या गवतात सपाता ओल्या झाल्या. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. त्याने ताट संपवलं, उठून नळाखाली हात धुतला. मी धावत आत गेले, फोन त्याच्या हातात दिला, म्हटलं, बोल, बहीण आहे, आई आहे.

"हॅलो," तो म्हणाला. "हॅलो?" मग अरबीत काहीतरी. मग माझ्याकडे बघत राहिला.

पलीकडून बाबांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत होते, लाइन गेली, सर, आत्ता होती, आत्ता होती.

त्याने विचारलं, "कधीपासून होती?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "तू जेवत होतास."

 तो खुर्चीत बसला आणि नंबर फिरवायला लागला. मुलगी तक्ता गुंडाळून हळूच वर निघून गेली.

शनिवारी बाबांना पुन्हा अर्धं मिनिट लाइन मिळाली. त्याची आई शुक्रवारी गेली होती, त्याच दिवशी दफन झालं होतं. या वेळी मी काही विचार केला नाही, घरातल्या कपड्यांवर पळत गेले आणि त्याच्या दारातच सांगितलं. त्याने दाराची चौकट धरली. आपण देवाचे आहोत आणि त्याच्याकडेच जायचं आहे, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि मला म्हणाला, "थँक यू, ताई." त्या थँक यूने मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

आठवडाभर मी त्याच्यासमोर गेले नाही. डबा दारात ठेवून, बेल वाजवून परत यायची. तो डबे धुऊन पायरीवर ठेवायचा.

मग बाबांनी मला एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एक्स्चेंजमधली सवय त्यांची, लाइनवर जे ऐकू येईल ते लिहून ठेवायचं, कळो न कळो. मी बागेत उभी होते त्या पाच मिनिटांत बहिणीने फोन आईच्या कानाला लावला होता, आणि फोनवर पुरुषाचा आवाज ऐकून आई बोलली होती. बाबांना अरबीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी कानावर पडलं तसं देवनागरीत लिहून घेतलं होतं.

मी तो फोटो घेऊन त्याच्याकडे गेले. देवनागरी त्याला बसच्या पाट्यांपुरती यायची. म्हणून मीच वाचलं, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना.

"मा तजी. कबारी मगफूला. बुकरा ताल."

त्याने डोळे मिटले. "परत वाचा." मी वाचलं. "हळू." मी हळू वाचलं. मग चौथ्यांदा वाचलं.

"येऊ नको म्हणते," तो म्हणाला. "पूल बंद आहेत. उद्या ये." मग म्हणाला, "ताई, तिला वाटलं मी तिथेच आहे. खार्टूमला. ऑफिस सुटलंय, आणि मी नदीच्या त्या बाजूला अडकलोय."

मी मान हलवली. 

"मग तुमचे बाबा काय बोलले तिला?"

ते पानावर खाली लिहिलेलं होतं, त्याच सुवाच्य अक्षरात. मी ते मराठीच वाचून दाखवलं: 'मी हो आई, हो आई, एवढंच म्हणालो. मग लाइन गेली.' ते 'हो' त्याने म्हणायचं होतं. आणि तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता, आणि मी काचेबाहेर उभी राहून त्याला पोटभर जेवू देत होते.