भूकंपाच्या वस्तऱ्याखाली

झाडं फुलायला लागली की भूकंपाच्या सलूनमधल्या खुर्च्या ओस पडत. भूकंप हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली गळा आणि अशात याची दुकान हादरवणारी शिंक! शहाणी माणसं समोरच्या दुकानात जात. तिथला कारागीर केसांची वाट लावायचा, पण गळा शाबूत ठेवायचा.

गिऱ्हाइकं गेली याचं वाईट वाटेच, पण खरी टोचणी होती सासऱ्यांची. दुकान मूळचं त्यांचं, वस्तरा धरायला शिकवलं त्यांनीच. हात थरथरायला लागल्यापासून त्यांची दाढी जावईच करायचा. यंदा मात्र म्हाताऱ्याने दाढी वाढवली आणि ती घेऊन रोज दुकानासमोरून फेऱ्या मारायला सुरुवात केली. अख्ख्या गल्लीला काय ते कळत होतं.

मेव्हणा व्हिटॅमिनच्या गोळ्या विकायचा. एवढा हक्काचा बकरा तो कसा सोडेल? सी झालं, डी झालं, झिंक झालं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल झाल्या. आरशासमोर क्रीमपेक्षा डब्याच जास्त.

"भावजी, प्रतिकारशक्ती वाढली की शिंक काय, भूतसुद्धा जवळ फिरकणार नाही."

शिंका होत्या तशाच राहिल्या. फक्त आता त्यांना माशाचा वास येऊ लागला.

शेवटी बायकोने त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नाकात उजेड मारून पाहिलं, तपासण्या केल्या.

"व्हिटॅमिनं मुबलक आहेत तुमच्यात. ही परागकणांची ॲलर्जी आहे, ती या गोळ्यांना भीक घालत नाही," असं म्हणत त्यांनी रोज नाकात मारायचा फवारा लिहून दिला. मग विचारलं, "दुकानातले टॉवेल कुठे वाळवता?"

"मागे, झाडाला बांधलेल्या दोरीवर."

"झाड फुललंय?"

"गच्च."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे परागकण टॉवेलात गोळा करायचे आणि दिवसभर स्वतःच्या नाकासमोर झटकायचे. छान."

भूकंपाचं तोंड उतरलं. टॉवेल बाहेर उन्हातच वाळवायचे, हा सासऱ्यांचा दंडक होता. उन्हाचा वास आला की गिऱ्हाईक परत येतं, असं ते म्हणायचे. तो दंडक मोडण्यापेक्षा जन्मभर शिंकणं त्याला सोपं वाटत होतं. दोनदा तो दोरीपाशी जाऊन हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा गाठ सोडली आणि दोरी आत, पंख्याखाली बांधली.

फवाऱ्याचा गुण यायला थोडे दिवस गेले. मग एका सकाळी सासरे दाढीसकट दुकानात शिरले आणि वर बघत राहिले.

"दोरी कुणी हलवली?"

"मी, बाबा."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

सासऱ्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि खुर्चीत बसले. "शिंकलास तर दोरी बाहेर. आणि तूही."

समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं मजा बघायला दारात येऊन उभी राहिली, एक जण तर अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन. भूकंपाने वस्तरा गळ्याला लावला. नाक गप्प होतं. तेवढ्यात घुर्रकन आवाज झाला आणि दारातली गर्दी दचकून मागे सरली.

सासरे घोरत होते. इतकी वर्षं ते याच खुर्चीत डोळे वटारून आरशातून जावयाच्या हातावर पहारा करत आले होते. आज मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते. भूकंपाने ओठांवर बोट ठेवून गर्दीला गप्प केलं आणि उरलेली दाढी अगदी सावकाश केली.