एका बाकावर दोन पेपर

राधानगरीहून बी.ए. करायला कोल्हापुरात आलो, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. "एक जरी विषय राहिला तर गाठोडं बांधायचं आन् घरला यायचं. डेअरीवर दूध मापायला माणूस पायजेच हाय." वडील बोलतात तसंच वागतात, ही त्यांची सगळ्यात वाईट सवय.

त्यात राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवरच्या सीनियर पोरांनी मला मन लावून घाबरवलं. "ही बारावी न्हवं, युनिव्हर्सिटीचा पेपर हाय. वाचलेलं एक येत न्हाय." मी विश्वास ठेवला. हे स्वतः दोन-दोन विषय मागे ठेवून बसलेत, म्हणजे यांना अनुभव असणारच, असं मी धरून चाललो.

पहिला पेपर अर्थशास्त्राचा. कॉपी होऊ नये म्हणून एका बाकावर दोन वर्गांची मुलं बसवतात. माझ्या शेजारी तिसऱ्या वर्षाचा एक दाढीवाला गडी येऊन बसला. त्याचाही अर्थशास्त्रच, आणि तोही राहिलेला. मॅडमनी पेपर वाटले. घरच्या शिकवणीप्रमाणे मी पेपर कपाळाला लावला, डोळे मिटले आणि उघडले ते थेट पहिल्या प्रश्नावर. वर काय छापलंय ते वाचायचं राहिलंच.

एकही प्रश्न ओळखीचा नव्हता. घाम फुटला, पण आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांनी सांगितलंच होतं. मग मी लिहीत सुटलो. आंतरराष्ट्रीय व्यापारावर दोन पानं झाली. त्यात आमच्या गावचं दूध टेम्पोनं कोल्हापूरला कसं येतं, ते सविस्तर आलं.

शेजारी मात्र जत्रा भरली होती. गडी लिहिता लिहिता हसत होता, रुबाबात पुरवणी मागत होता. मध्येच माझ्याकडे झुकून कुजबुजला, "पावणं, ह्या टायमाला लई सोपा काढलाय की!"

मला रडायचंच बाकी होतं. डोळ्यांसमोर डेअरी दिसायला लागली.

तासाभरानं मॅडम सह्या करत आमच्या बाकाशी आल्या. एकदा माझा पेपर बघितला, एकदा त्याचा, आणि कपाळावर हात मारून घेतला. आमचे पेपर उलटसुलट वाटले गेले होते. मला तिसऱ्या वर्षाचा आला होता, त्याला पहिल्याचा.

मॅडमनी धावपळ करून आम्हाला नव्या उत्तरपत्रिका आणि जादा वेळ मिळवून दिला. माझा पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न मागणीच्या नियमाचा! पाठ होता. असा हात चालला की विचारू नका. पास होणारच होतो, आणि पुढे झालोही. गड्यानं त्याचा पेपर एकदा वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

सुटल्यावर सॅकमधून फोन काढून मी वडिलांचा नंबर शोधत होतो. तेवढ्यात तो शेजारी येऊन उभा राहिला.

"कसा गेला?"

"मस्त!" मी म्हणालो. मग त्याचं तोंड बघून ओशाळलो. "तुमचं नुकसान झालं."

"माझं कसलं नुकसान? न्हाय तरी येत न्हवतंच." तो हसला. "पण आईला फोन करायचा ठरीवलंतं मी. काय बोलायचं ते बी जुळवलंतं."

मी फोन सॅकमध्ये टाकला आणि त्याला चहाला घेऊन गेलो.